आजी, मी कप वाढवला!

गेल्या अंकात मी सहज लिहिलं होतं की तुमच्या घरातली छोटी मंडळी काय काय बोलतात ते कळवा आणि त्यावर काही विचारायचं असेल तर तेही विचारा. तर पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज मिळून एवढा ढीग आला की दोन रात्री मी तेच वाचत बसले होते, मधेच एकटीच खदखदून हसत होते, आणि दोन-तीन पत्रांना डोळे पुसले. बालवाडीत २७ वर्षं काढली तरी यातली कितीतरी वाक्यं मी पहिल्यांदाच ऐकली. सगळी इथे मावणार नाहीत, ज्यात प्रश्न आहे ती घेतली आहेत आणि नावं मुद्दाम काढली आहेत, कारण ही मुलं उद्या मोठी होतील, वाचायला लागतील आणि हा अंक कुणीतरी जपून ठेवलेला असेल.

प्रश्न : ताई, माझी लेक साडेतीन वर्षांची आहे. ती म्हणते "बाबा ऑफिसला जाला", "मी चित्र करलं", "आजीने मला लाडू देला". गंमत म्हणजे दोन वर्षांची असताना हीच पोरगी "बाबा गेला" असं बरोब्बर म्हणायची, मग आता मागे का जातेय? सासूबाई म्हणतात आत्ताच सुधारा नाहीतर तेच तोंडात बसेल, नवरा म्हणतो राहू दे, गोड वाटतं. आणि "उद्या मी बागेत गेले होते" हे तर रोजचंच. – एक आई, नाशिक

उत्तर : तुला अगंतुगं करते हं, माझ्या लेकीच्या वयाची असशील. अगं, ती मागे जात नाहीये, चांगली पुढे चाललीये, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. दोन वर्षांची असताना "गेला" हा शब्द तिने अख्खाच्या अख्खा उचलला होता. मधल्या दीड वर्षात तुम्हा सगळ्यांचं बोलणं ऐकून ऐकून तिने एक नियम शोधून काढला, बस – बसला, उठ – उठला, पड – पडला, हस – हसला, म्हणजे झालेली गोष्ट सांगायची तर मागे "ला" लावायचा. मग जा – जाला, कर – करला, दे – देला. आता सांग, यात तिचं काय चुकलं? "जा"चं "गेला" का होतं याचं उत्तर तुझ्याकडे आहे का? माझ्याकडे नाही, आपण ते पाठ केलंय एवढंच. आणि "देला" हा शब्द तुमच्या घरात कुणीच बोलत नाही ना, मग तो तिने आणला कुठून? स्वतः बनवला.

अमेरिकेत जीन बर्को नावाच्या बाईंनी १९५८ साली नेमकं हेच तपासलं होतं. पक्ष्यासारख्या एका प्राण्याचं चित्र काढलं, मुलांना सांगितलं की हा "वग" आहे, मग दोन प्राण्यांचं चित्र दाखवून विचारलं की आता हे दोन काय आहेत, आणि मुलं म्हणाली "वग्ज". असला शब्द जगात नव्हताच, त्यामुळे कुणाचं ऐकून म्हणण्याचा प्रश्नच नाही, नियम डोक्यात होता आणि तो त्यांनी लावला. मी हे वाचलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी बालवाडीत बाहुली घेऊन बसले. म्हटलं, ही बाहुली रोज मुपते. आज पण मुपते. काल पण ती काय झाली? आणि सगळी पोरं एका सुरात, "मुपली!" मुपला नाही, मुपलं नाही, मुपली, बाहुली आहे म्हणून मुपली. चार वर्षांची पोरं हो ती. एका मुलीने तेवढं काळजीने विचारलं, "मुपल्यावर तिला बाऊ झाला का?"

सासूबाईंना सांग, तोंडात बसणार नाही. ती "बाबा जाला" म्हणाली की तू म्हणायचं, "हो गं, गेला बाबा, आता संध्याकाळी येईल," आणि पुढे चालू लागायचं. "म्हण बघू गेला, परत म्हण, गे-ला" असं करायचं नाही, कारण तिला बाबाबद्दल काहीतरी सांगायचं होतं आणि तू तिला क्रियापदात अडकवून ठेवलंस तर ती सांगणंच सोडून देईल. शाळेत रुळेपर्यंत यातलं बहुतेक आपोआप गळून पडतं. (आणि "पाणी पिलं" म्हणाली तर अजिबात टोकू नकोस, अर्धा महाराष्ट्र तसंच बोलतो.)

काल आणि उद्याचं म्हणशील तर आपली मराठीच बघ ना, "परवा" हा शब्द मागे पण जातो आणि पुढे पण जातो! मोठी माणसं परवा आले होते आणि परवा येणार म्हणतात, मग त्या जिवाने "उद्या गेले होते" म्हटलं तर त्यात नवल काय.

प्रश्न : माझा नातू पाच वर्षांचा. गेल्या महिन्यात मुलाने नवीन दुकान टाकलं, तेव्हा पूजेला नारळ वाढवला. त्याच आठवड्यात माझी बांगडी पिचकली, तर मी सवयीने म्हटलं बांगडी वाढवली. दोन दिवसांनी स्वयंपाकघरातून खळ्ळकन आवाज आला आणि हा दारात येऊन उभा, चेहरा अगदी सरळ, "आजी, मी कप वाढवला." मला हसू आवरेना, पण मुलाला वाटलं हा वात्रटपणा करतोय, त्याने एक धपाटा घातला. पोर रडून रडून झोपलं. ताई, चुकलं कुणाचं? – एक आजी, सातारा

उत्तर : आजी, नमस्कार. तुमचं पत्र मी घरात तिघांना वाचून दाखवलं.

नातवाचं काहीही चुकलेलं नाही. घरात काही फुटलं की "फुटलं" म्हणायचं नाही, "वाढवलं" म्हणायचं, हे तो आठ दिवसांत तुमच्याकडूनच शिकला, आणि पहिली संधी मिळाल्याबरोबर त्याने ते वापरलं. त्याला अशुभ बोलायचं नव्हतं. आपल्याकडे किती जपून बोलतात बघा ना, दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात, निघताना "जातो" म्हणू देत नाहीत, "येतो" म्हणायला लावतात. हे सगळं मोठ्यांना माहीत असतं, मुलाला कुणी समजावत नाही. आमच्या बालवाडीत एका मुलाचे काका न्यायला-पोचवायला यायचे, ते दारातून "येतो हं" म्हणाले की हा ओरडायचा, "आलायस ना, आता जा!" आणि तो उद्धट मुलगा नव्हता हो, गोड होता, त्याला फक्त काकांचं म्हणणं अर्धवट वाटायचं.

असंच "दूध उतू गेलं" ऐकून एका मुलीने आईला विचारलं होतं, "कधी येणार?" तिला उतू हे गाव वाटलं. आणि पावसाळ्यात तर दरवर्षी कुणीतरी विचारतंच, पाऊस पडला, मग त्याला लागलं का? भूक लागते, ऊन लागतं, फोन लागतो, लग्न लागतं, आणि पडल्यावर पण लागतं. एवढं सगळं "लागणं" पोरांनी लावायचं तरी कसं?

मुलाला सांगा, आज रात्री नातवाला जवळ घेऊन म्हण, "मला कळलंच नाही तू काय म्हणालास, आजीने सांगितलं तेव्हा कळलं, चुकून मारलं." बापाने एवढं म्हटलं म्हणजे त्याचा वचक जातो असं काही नसतं. आणि मग त्याला सांगा की नारळ आणि बांगडी वाढवतात, कप मात्र फुटतो, आणि फुटला की आधी लांब उभं राहायचं, पायाला काच लागते. बघा, तिथे पण लागतेच.

प्रश्न : आमचा मुलगा चार वर्षांचा. एकदा जेवताना म्हणाला, "मी मोठा झाल्यावर पंखा होणार, सगळ्यांना वारा देणार." आम्ही त्याला परत म्हणायला लावून व्हिडिओ काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला, खूप हार्ट आले. मग जो कोणी घरी येईल तो विचारायचा, काय रे तू कोण होणार, आणि सगळे हसायचे. आता तो पाहुणे आले की तोंड दाबून बसतो. मजेदार बोलणं तर बंदच झालंय, काही सांगायचं असलं तर आईच्या कानात सांगतो. काही प्रॉब्लेम असेल का? – एक बाबा, पुणे

उत्तर : मुलात प्रॉब्लेम नाही. त्याने विनोद केला नव्हता, तुम्हाला त्याच्या मनातली सगळ्यात चांगली गोष्ट सांगितली होती. बहुतेक उकडत असेल त्या दिवशी, वर बघितलं असेल, तो पंखा एकटा सगळ्यांसाठी फिरतोय असं दिसलं असेल. आणि त्यावर वीस माणसं हसली, त्यातही पुन्हा पुन्हा, ऑर्डर देऊन.

हे मी एवढं ठामपणे सांगते कारण मी स्वतः हे केलंय आणि ते मला आजही टोचतं. माझा मुलगा पाच वर्षांचा होता, गणपतीत तो "सुखकर्ता दुखहर्ता" फार मोठ्याने म्हणायचा, आणि "फणिवरबंधना"च्या जागी म्हणायचा "फळीवर वंदना". पुष्कळ मुलं म्हणतात तसं. आणि खरं सांगू, आमच्या त्या दोन खोल्यांच्या घरात देव फळीवरच होते, त्यामुळे त्याचा अर्थ अगदी चोख लागत होता, फळीवर देव आहेत त्यांना वंदन करा. फणिवर म्हणजे नाग आणि तो गणपतीने कमरेला बांधलाय हे त्याला कोण सांगणार होतं? मी नाही सांगितलं. मी काय केलं, तर दुसऱ्या दिवशी आरतीला शेजारपाजारचे जमले तेव्हा त्याला पुढे उभं केलं आणि तेवढीच ओळ म्हणायला लावली. सगळे पोट धरून हसले. तो हातात टाळ घेऊन उभा होता, एकदा माझ्याकडे बघितलं, टाळ खाली ठेवला, हळूच, आवाज न होऊ देता, आणि आत गेला. आज तो ३४ वर्षांचा आहे. आरतीला टाळ उत्तम वाजवतो. म्हणत नाही. ओठ हलतात फक्त.

म्हणून सांगते, हसा, भरपूर हसा, पण तो बोलेल तेव्हा, त्याच्या सोबत, एकदाच. पाहुण्यांसमोर परत म्हणायला लावणं आजपासून बंद. ग्रुपमधल्या सगळ्यांना तुम्हीच सांगा की त्याला तो प्रश्न विचारू नका, आणि व्हिडिओ त्याच्यासमोर लावू नका. त्याला सांगा, "तू पंख्याचं बोललास ते मला फार आवडलं होतं, आणि आम्ही सगळे हसलो ते तुला नाही आवडलं ना, आता नाही करणार." उत्तराची वाट बघू नका. मग एखाद्या रात्री लाईट गेली, म्हणजे पंखा बंद पडला, की त्याच्या शेजारी पडून सहज विचारा, पंख्याला पण झोप लागत असेल का रे? तुम्ही खरंच विचारताय हे त्याला कळलं की तो बोलेल, थोडे दिवस जातील पण बोलेल.

आणि जपून ठेवायचंच असेल तर एक साधी दोनशे पानी वही करा. तारीख, त्याचं वय, नेमके शब्द, आणि तेव्हा काय चाललं होतं ते. व्हिडिओत फक्त परत म्हणायला लावलेलं येतं, पहिल्यांदा म्हटलेलं वहीतच येतं.

प्रश्न : माझी चार वर्षांची मुलगी फोनवर आजीला म्हणाली, "आजी, मी तुला मिसते." आजी रडली आणि मग म्हणाली हिला मराठी येणारच नाही. – एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आजींना सांगा, "मिस" इंग्लिश असेल, पण "ते" मराठी आहे. मी आहे म्हणून "ते", मुलगी आहे म्हणून "ते", मुलगा असता तर "मिसतो" म्हणाला असता. अमेरिकेत जन्मलेल्या पोरीने इंग्लिश शब्दाला मराठी प्रत्यय लावलाय आणि तो अचूक लावलाय. मला तर हे वाक्य फार सुंदर वाटलं. आजींनी उत्तर द्यायचं, "मला पण तुझी फार आठवण येते गं," म्हणजे तो शब्दही कानावर पडेल. फोन मात्र रोज करा.

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा, अंक म्हणताना सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, नऊवीस, दहावीस असं जातो आणि थांबतच नाही. मोठी बहीण हसते म्हणून तो चिडतो. – कोल्हापूर

उत्तर : तिला विचारा, "एकोणतीस" म्हणजे काय? तिलाही सांगता येणार नाही बहुतेक. एकोण म्हणजे एक कमी, तिसाला एक कमी. म्हणजे अठ्ठावीसपर्यंत आपण विसाकडे बघत चालतो आणि एकदम तिसाकडे तोंड करतो, मुलाने काय समजायचं? बरं, एकोणीस, एकोणतीस करत एकोणनव्वदपर्यंत येतो आणि ९९ ला आपणच नियम मोडून "नव्याण्णव" म्हणतो! त्रेचाळीस बोलताना आधी तीन येतो, लिहिताना आधी चार. याच अडचणीवर २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन दिलं होतं, मंगला नारळीकर त्या समितीच्या प्रमुख होत्या, तेव्हा किती गदारोळ झाला होता आठवत असेल. मला स्वतःला जुने शब्द प्रिय आहेत, पण मुलांना ते अवघड जातात हे त्यांचं म्हणणं मी वर्गात रोज बघितलंय. तुमच्या मुलाची "दहावीस" म्हणजे दहा आणि वीस, तीसच की! त्याला तीस चिंचोके मोजायला द्या आणि बहिणीला समोर बसवा.

प्रश्न : नणंद सुट्टीत राहायला आली होती. माझ्या तीन वर्षांच्या मुलाने तिला सरळ सांगितलं, "आत्या, आई म्हणाली तू सोमवारपर्यंत हलणार नाहीस." नणंद शनिवारीच गेली. मुलाला कसं समजावू की घरातलं बाहेर सांगायचं नाही? – ठाणे

उत्तर : तीन वर्षांच्या मुलाला हे समजावता येत नाही. जे आपल्याला माहीत आहे ते समोरच्याला माहीत नसू शकतं, हेच त्याच्या लक्षात आलेलं नसतं. हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर यांनी १९८३ साली मुलांना एक गोष्ट सांगितली होती, एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते, आता तो परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सांगतात दुसऱ्या कपाटात, कारण चॉकलेट खरंच तिथे आहे ना! चार-पाचच्या पुढे हळूहळू बरोबर सांगायला लागतात. तेव्हा तुमच्या लेकाच्या हिशोबाने त्याने आत्याला काही नवीन सांगितलंच नव्हतं. त्याला रागवू नका. नणंदेला फोन करा, आजच, आणि दिवाळीला बोलवा, आणि मनापासून बोलवा, कारण मनापासून नसलं तर तेही तो सांगणार आहे.

प्रश्न : तीन वर्षांचा मुलगा "काका"ला "ताता" आणि "घर"ला "घल" म्हणतो. डॉक्टरला दाखवू का? – लातूर

उत्तर : बाकी बोलतो, वाक्यं जोडतो, तुम्हाला कळतं ना? मग आत्ता घाबरू नका, "र" तर बऱ्याच मुलांना उशिराच जमतो. पण सगळ्यांसाठी सांगते, दोन वर्षं पूर्ण होऊनही दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, किंवा आधी बोलायचं आणि आता बोलायचं थांबलं असेल, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून वाट बघत बसू नका, आधी कान तपासून घ्या. आणि घरच्यांनी त्याच्याशी बोबडं बोलू नका, तुम्ही "काका"च म्हणा.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी सासरे गेले. चार वर्षांच्या मुलीला आम्ही सांगितलं आजोबा देवाघरी गेले. भेटायला माणसं बसली होती तेव्हा ती त्यांचा चष्मा घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा चष्मा विसरले, आता त्यांना पेपर कसा दिसणार? कुरिअर करूया." काही जण हसले, सासूबाई आत निघून गेल्या. तेव्हापासून तो चष्मा तिच्या शाळेच्या दप्तरात आहे, काढू देत नाही. म्हणते, ते आले की लगेच द्यायचा. – अमरावती

उत्तर : हे पत्र मी तीनदा वाचलं.

ती बरोबर विचार करतेय. घर सोडून गावाला गेलेलं माणूस परत येतं, आणि "गेले" हाच शब्द तुम्ही तिला दिलात, त्यामुळे ती वाट बघतेय. या वयात मरण म्हणजे कायमचं हे समजत नाही, पाच ते सातच्या दरम्यान हळूहळू कळायला लागतं, तेही एकदा सांगून नाही. म्हणून तिला साध्या शब्दांत सांगा की आजोबांचं शरीर खूप आजारी होऊन थांबलं, आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, दुखत नाही, डोळ्यांना बघायचं नसतं म्हणून चष्मा लागत नाही, आणि ते परत येणार नाहीत. "झोपले" असं म्हणू नका, मुलं मग झोपायला घाबरतात. ती लगेच म्हणेल बरं, आणि परवा पुन्हा विचारेल कधी येणार. पुन्हा तेच सांगायचं, तेवढ्याच शांतपणे, आणि तुम्हाला रडू आलं तर तिच्यासमोर रडलं तरी चालतं.

चष्मा दप्तरातून काढू नका. तिला एक घट्ट डबी द्या, नाहीतर पाण्याच्या बाटलीखाली काच जाईल. आणि सासूबाईंना विचारा, सकाळी पेपर आला की आजोबांच्या खुर्चीत दोघी बसतील का, एक-दोन मथळे मोठ्याने वाचायला. आजोबांना पेपर कसा दिसणार, हे तिने विचारलंच होतं ना.